सात मिनिटांत पांझरेचा फड

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा एका चर्चासत्रात पेपर वाचला, आमच्याकडच्या पाणी वाटायच्या जुन्या फड पद्धतीवर. वाचला म्हणतात म्हणून म्हणायचं, खरं तर मी बोलले. माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या दोघी-तिघी मैत्रिणींनी फोन करून विचारलं कसं झालं गं, आणि मी सगळ्यांना "छान झालं" एवढंच सांगितलं. छान झालंच, पण त्यात एक प्रश्न असा आला की त्यानंतर माझं अख्खं एक प्रकरण मला परत लिहायला घ्यावं लागलंय, आणि तो प्रश्न सांगायचा तर आधी बाकीचं सगळं सांगावं लागेल, म्हणून आता बसून नीट लिहितेय.

मी धुळे जिल्ह्यात एका कॉलेजला भूगोल शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन 2019 चं आहे. तेव्हा युजीसीचे 2016 चे नियम होते, त्यात थीसिस जमा करायच्या आधी एक शोधनिबंध छापून यायला हवा आणि दोन ठिकाणी सादरीकरण व्हायला हवं असं होतं. पुढं 2022 च्या नव्या नियमांत ती सक्ती काढली. मी गाईड मॅडमना विचारलं की मग आता जायची गरज आहे का, तर त्या म्हणाल्या, "अगं सक्तीचं सोड, चार माणसांपुढं मांडल्याशिवाय आपल्या कामात काय राहिलंय ते आपल्याला कळत नाही." तेव्हा मला ते नुसतं बोलायचं म्हणून बोलल्यासारखं वाटलं होतं.

माझा विषय फड पद्धत. आमच्याकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही पण बाहेरच्यांसाठी सांगते. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर धुळे-नाशिक भागात पाणी वाटून घ्यायची एक जुनी पद्धत आहे, तीनशे-चारशे वर्षं जुनी असावी असं मानतात. नदीवर आडवा दगडी बंधारा, बंधाऱ्यापासून निघालेला कालवा, कालवा कुठं दोन किलोमीटरचा तर कुठं बारा किलोमीटरपर्यंतचा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग, आणि जास्तीचं पाणी बाहेर काढायला सांडम. हे पाणी ज्या जमिनीला मिळतं तिचे मोठे तुकडे पाडलेले, सहसा चार, त्या एकेका तुकड्याला फड म्हणतात. एक फड शंभर-सव्वाशे हेक्टरचा पण असतो, लहान पण असतात. आणि यातली गंमत अशी की एका फडात एकच पीक. तुमची जमीन असली तरी तुम्ही मनाला येईल ते लावू शकत नाही. या फडात यंदा ऊस तर सगळ्यांचा ऊस, त्या फडात हंगामी पीक तर सगळ्यांचं हंगामी, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पाण्याशिवाय ठेवायचा. पुढच्या वर्षी फिरवायचं. त्यामुळं जमीन खारवत नाही, चिबडत नाही, आणि पाणी एका ठिकाणी एकाच वेळी द्यायचं असल्यानं वाया कमी जातं.

माझ्या वडिलांची दीड एकर जमीन अशाच एका फडात आहे. आता तिथं विहीर आहे, मोटार आहे, आणि फडाचं नाव फक्त बोलण्यात उरलंय. लहानपणी बाबा "फडात जाऊन येतो" म्हणायचे तेव्हा मला ते शेताचंच नाव वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं की त्या एका शब्दात केवढी मोठी व्यवस्था बसलेली होती, आणि तेव्हापासून मला हे लिहून ठेवायचंच होतं, कारण ज्यांनी हे हातानं केलंय ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत.

तीन वर्षं रविवारी रविवारी फिरले, आठ गावं केली. त्यातल्या एका गावात एक जुने पाटकरी भेटले. पाटकरी म्हणजे पाणी वाटणारा माणूस, गावानं नेमलेला. सगळे त्यांना आबा म्हणतात, मी पण आबाच म्हणायला लागले. त्यांनी मला चारीवर नेलं, चप्पल काढली, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उभे राहिले. फावड्याचे दोन घाव घातले, दांड फोडला, तिसऱ्या घावाला फावडं आडवं धरून माती नुसती बाजूला सारली, आणि मग पायाच्या अंगठ्यानं तोंडावरची माती चाचपून बघितली, किती खरवडतेय ते. मला म्हणाले, माती फार खरवडायला लागली म्हणजे खालच्याचं पाणी वरचा ओढतोय. घड्याळ नाही, मोजपट्टी नाही, अंगठा. मी विचारलं, आबा भांडणं व्हायची नाहीत का, तर म्हणाले, "पानी कोनं बी नई शे, पाळीनं शे." म्हणजे पाणी कोणाचंच नाही, ज्याची पाळी त्याचं. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

तर या सगळ्याचा पेपर करायचा ठरला. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एक दिवसाचं चर्चासत्र होतं, पाणी आणि ग्रामीण समाज असा काहीतरी विषय, पत्रक व्हॉट्सॲपवर आलं. 250 शब्दांचा गोषवारा, नोंदणी फी, आणि मराठी पेपर असेल तर डीव्हीबी-टीटी सुरेख फॉन्टमध्येच पाठवा अशी अट. मी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसतं त्या पद्धतीत, टाइप करते, त्यामुळं गोषवारा कन्व्हर्ट करताना सगळी जोडाक्षरं तुटली, "पद्धत" चं काहीतरी भलतंच झालं, ते एकेक अक्षर बसून दुरुस्त करण्यात रात्रीचे दोन वाजले. मराठीत संशोधन लिहिणाऱ्या प्रत्येकाची ही एक रात्र अशी जातेच. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, आता तरी हे थांबायला हवं, मला मनापासून वाटतं.

सादरीकरणाला 15 मिनिटं असं पत्रकात होतं. मी 12 स्लाइड केल्या. घरी आईपुढं बोलून बघितलं, भाऊ मोबाइलवर वेळ लावून बसला, पहिल्यांदा 24 मिनिटं झाली, मग 19, मग शेवटी 14. आई भाजी निवडत ऐकत होती, तिला एवढंच म्हणायचं होतं की तू फार घाईनं बोलतेस. रात्री मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिलं वाक्य पाठ कर आणि शेवटचं पाठ कर, मधलं तुला येतंच. हे मला फार उपयोगी पडलं, कोणी पहिल्यांदा जात असेल तर तिला मी हेच सांगेन.

सकाळी साडेपाचची एसटी. भाऊ स्टँडवर सोडायला आला. मालेगावला बस बदलून सव्वानऊला पोचले, नोंदणी केली, फाइल, पेन आणि एक कोरं पॅड मिळालं. मग उद्घाटन. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, सगळ्या मान्यवरांना शाल आणि नारळ, बीजभाषण साडेदहाला होतं ते सव्वाअकराला सुरू झालं आणि पावणेएकला संपलं. बीजभाषण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू, पण त्या सगळ्यात आमची वेळ गेली. जेवायला पुरी, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलेबी. आणि जेवणाच्या हॉलबाहेरच टेबल लावून सर्टिफिकेटं वाटली. हे मला खरंच पटलं नाही. सर्टिफिकेट हातात पडलं की लांबून आलेली माणसं गाडी पकडायला निघतात, त्यांना तरी काय बोलणार, कोणाला शंभर किलोमीटर जायचंय कोणाला दोनशे, पण ज्यांचे पेपर जेवणानंतर आहेत त्यांनी कोणापुढं बोलायचं? सकाळी मोठ्या हॉलमध्ये दीडशे तरी माणसं होती. आमच्या सत्राच्या खोलीत, वर्ग नंबर 7, आम्ही पेपर वाचणारे नऊ जण धरून एकूण वीस.

सत्राचे अध्यक्ष सर आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, वेळ दीड तास, पेपर नऊ, तेव्हा प्रत्येकी सात मिनिटं आणि शेवटी तीन मिनिटं प्रश्न, घंटी वाजली की थांबायचं. माझा नंबर चौथा. पहिले तिघं बोलत असताना मला त्यांचं एक अक्षर ऐकू आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यातला एक पेपर बारवांवर होता आणि मला तो ऐकायचा होता. मी मात्र वहीच्या मागं 12 स्लाइडचे आकडे लिहून एकेक खोडत होते. बंधारा ठेवायचा, कालवा ठेवायचा, फडांची फिरती ठेवायची, पद्धत का मोडली ते तर ठेवायलाच हवं, वरती धरणं झाली, विहिरी झाल्या, विजेच्या मोटारी आल्या, ज्याच्याकडं स्वतःचं पाणी आलं त्याला पाळीची गरज उरली नाही. मग काढायचं काय? स्लाइड 8 आणि 9. या दोन स्लाइड माणसांच्या होत्या. पाटकरी, हवालदार आणि जागल्या, म्हणजे पाणी वाटणारा, देखरेख ठेवणारा आणि रात्री उभ्या पिकाची राखण करणारा. मी त्यावर रेघ मारली आणि त्या दोन्हींच्या जागी एकच वाक्य लिहिलं, "हे सगळं गाव मिळून ठरवतं."

नाव पुकारलं, उभी राहिले, पेनड्राइव्ह लावला. मजकूर नीट दिसला, पण नकाशा जुन्या फाइलमधून घेतला होता, त्यावरची नावं सुरेख फॉन्टमध्ये होती आणि त्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. पांझरेच्या जागी टिंबं-रेघा असलेली इंग्रजी अक्षरं. बंधाऱ्याच्या जागी तेच. सात मिनिटांतलं अर्धं मिनिट गेलं. मग मी मागं वळले तर फळा होता, साधा काळा फळा, खाली खडूचे तुकडे. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य बोलले आणि खडू उचलला.

फळ्यावर नदी काढायची मला रोजची सवय आहे. दोन वळणदार रेघा, आडवा बंधारा, उजव्या तीरानं कालवा, चार मोठे चौकोन, चौकोनांत चाऱ्या. "हा ऊस, ही ज्वारी, हा यंदा कोरडा. आता पुढच्या वर्षी बघा," असं म्हणत मी हातानंच "ऊस" पुसला आणि शेजारच्या चौकोनात लिहिला. त्याक्षणी मला जाणवलं की समोरची माणसं वर बघतायत. मागच्या बाकावर एक सर मोबाइल बघत होते त्यांनी तो खाली ठेवला. स्लाइडवर बाण काढून हे झालं नसतं, फड फिरतो म्हणजे काय ते पुसून परत लिहिल्यावरच दिसतं. मी आबांच्या अंगठ्याबद्दल पण सांगितलं, ते ठरवलेलं नव्हतं, ओघात आलं. घंटी वाजली तेव्हा माझं शेवटचं वाक्य चाललं होतं. "हे सगळं गाव मिळून ठरवतं, आणि गावानं ठरवणं थांबलं तिथं फड थांबला." टाळ्या वाजल्या. मला फार बरं वाटलं.

पहिला प्रश्न अपेक्षेतला होता, ही पद्धत परत सुरू करता येईल का. मी सांगितलं की बंधारे अजून उभे आहेत, कालवे साफ करता येतील, पण एका फडात एकच पीक हे आज बाजारभाव बघून पीक घेणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी उतरवणं अवघड आहे, आणि त्यानं का ऐकावं हेही बघावं लागेल.

मग तिसऱ्या बाकावरच्या एक मॅडम उठल्या. अर्थशास्त्राच्या, पन्नाशीच्या असतील. त्यांचा आवाज अगदी साधा होता, टोचून बोलायचं म्हणून नाही. म्हणाल्या, "तुम्ही फळ्यावर फार छान काढलंत. फक्त एक सांगा, सगळं गाव मिळून ठरवतं म्हणालात ना, तर गाव म्हणजे कोण कोण?"

मी गप्प झाले. कारण उत्तर माझ्या वहीत होतं, वही पर्समध्ये होती, आणि त्या पानावर मी अर्ध्या तासापूर्वी रेघ मारली होती.

ते पान एका जागल्याच्या बायकोचं. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. आमच्या खानदेशात जागल्याचं काम बऱ्याच गावांत भिल्ल समाजाच्या लोकांकडं असायचं, त्यांच्याकडं पण तसंच. मी आबांकडून परत येताना तिच्याकडं वीसेक मिनिटं बसले होते, खरं तर चहा झाला तेवढाच वेळ. ती म्हणाली होती की तो रात्रभर उसात फिरायचा, डुकरं हाकलायचा, थंडीत पण, आणि आमची त्या फडात वीतभर जमीन नव्हती. एवढं मी लिहिलं होतं आणि वर "इतर" असं मथळ्याला टाकलं होतं. पाटकरी, हवालदार, पंच यांच्या मुलाखती वेगवेगळ्या फाइलला, आणि ही बाई "इतर" मध्ये.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मॅडम, ज्यांची फडात जमीन ते बैठकीला बसायचे, पंच त्यांच्यातलेच, एवढं मला माहीत आहे. जागल्याला मोबदला मिळायचा पण बैठकीत त्याला विचारायचे का, हे मी विचारलेलंच नाही. आणि बायकांना विचारायचे का, तेही नाही. त्या मॅडम म्हणाल्या, "मग विचारून या, आणि पेपरमध्ये लिहा. तुमचं काम चांगलं आहे म्हणून म्हणतेय." अध्यक्षांनी पाचवं नाव पुकारलं.

बाकावर येऊन बसले तेव्हा कान गरम झाले होते. थोडा वेळ राग पण आला, की सात मिनिटं दिल्यावर काय काय सांगणार माणूस. पण तो राग टिकला नाही. कारण पंधरा मिनिटं मिळाली असती तरी मी स्लाइड 9 वर जागल्याचं काम सांगितलं असतं, जागल्याचं म्हणणं नव्हतंच माझ्याकडं. वेळ कमी पडला म्हणून काय काढायचं हे ठरवताना माझा हात आपोआप त्याच्याकडं गेला, बंधाऱ्याकडं गेला नाही. मी स्वतः जमीनवाल्याची मुलगी. माझ्या बाबांचं नाव फडाच्या यादीत होतं, त्यामुळं "गाव" म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं ती यादीच येत होती, हे मला त्या वर्ग नंबर 7 मध्ये बसून पहिल्यांदा कळलं.

चहाच्या वेळी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक काका आले, पहिला प्रश्न त्यांचाच होता. त्यांनी माझ्याच पॅडवर कालव्याचा उतार काढून दाखवला, जमिनीच्या उतारापेक्षा कालव्याचा उतार मुद्दाम कमी ठेवायचा म्हणजे पाणी वरच्या अंगाला राहतं वगैरे, आणि मग विश्वेश्वरय्यांचा विषय निघाला. विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या अगदी सुरुवातीला त्यांनी आमच्या पांझरेच्याच एका पाटावर पाइप सायफनचं, म्हणजे पाटाचं पाणी नळातून पलीकडं न्यायचं, काम केलं होतं. पुढं नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली, एकेका ब्लॉकमध्ये ठरलेलं पीक आणि ठरलेलं पाणी. काका म्हणाले, मला तर यात तुमचा फडच दिसतो. मला हे जोडायचा मोह झाला, अजून होतो, पण तो संबंध कागदावर दाखवता आल्याशिवाय मी तसं लिहिणार नाही.

अर्थशास्त्राच्या मॅडम हात धुवायच्या नळापाशी भेटल्या. मी म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं मला काही सुचलं नाही. त्या म्हणाल्या, सुचलं की, तुम्ही माहीत नाही म्हणालात. मग त्यांनी मला काय काय विचारायचं ते तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. मोबदला धान्यात की पैशात, कोण द्यायचं, खळ्यावर द्यायचं की घरी, कमी दिला तर तक्रार कोणाकडं, आणि फड मोडल्यावर त्या घरानं पोटासाठी काय केलं. शेवटचा प्रश्न तर माझ्या अख्ख्या प्रश्नावलीत कुठंच नव्हता. पद्धत मोडली म्हणजे बंधारा कोरडा पडला, कालव्यात झाडं वाढली, एवढंच मी बघत होते. तीनशे माणसांच्या हॉलमध्ये, बारा मिनिटं बोलून खाली उतरले असते तर ही बाई मला नळापाशी भेटली नसती, असं मला राहून राहून वाटतं.

दुसऱ्याच रविवारी मी त्या जागल्याच्या बायकोकडं, आजींकडं, गेले. या वेळी सकाळी गेले आणि संध्याकाळी निघाले. त्यांनी सांगितलं की खळ्यावर पेंढ्या मिळायच्या, ज्याचं शेत त्यानं द्यायच्या, आणि काही जण हलक्या द्यायचे. पेंढी हातात घेतली की वजनावरून कळायचं म्हणे, दाण्याची की नुसत्या काडाची. हे सांगताना त्यांनी दोन्ही हात पुढं करून खरंच पेंढी उचलल्यासारखं केलं, एकदा जड, एकदा हलकी. बैठकीचं विचारलं तर म्हणाल्या, बैठक मारुतीच्या पारावर व्हायची, तो पाराखाली उभा असायचा, हाक मारली तर बोलायचा. फड मोडला त्या वर्षापासून हे घर ऊसतोडीला जायला लागलं, सहा-सहा महिने बाहेर. ज्या माणसानं गावचा ऊस राखला त्याची पोरं लांब कारखान्यांवर ऊस तोडायला गेली. मी लिहीत होते आणि मधेच मला लिहिता येईना.

निघताना त्यांनी विचारलं, तिकडं कार्यक्रमात यांचं नाव घेतलंस का. मी म्हटलं, नाही आजी, राहिलं.

छापायचा पेपर 3000 शब्दांचा पाठवायचा होता, मुदत काल संपली. मी 3400 लिहून बसले होते. गाईड मॅडमना विचारलं काय काढू, त्या म्हणाल्या तू ठरव. सायफन आणि नीरा कालव्याचा सगळा भाग काढला, बंधाऱ्यांच्या मापांचा तक्ता काढला. "सगळं गाव मिळून ठरवतं" हे वाक्य काढलं, त्या जागी पारावर कोण बसायचं आणि पाराखाली कोण उभं राहायचं ते लिहिलं. पेंढ्यांचे दोन परिच्छेद ठेवले. आजींना विचारून त्यांच्या नवऱ्याचं नाव घातलं, आणि रात्री पावणेबाराला, सुरेखमध्ये कन्व्हर्ट केल्यावर, त्या नावातलं जोडाक्षर तुटलेलं नाही ना हे तीनदा बघून फाइल पाठवली.